मनोंग दोरोचा दर

पास्तोरा : पाकिटाला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर सही, सहीवर शिक्का. सेवेरो, आपण खानावळीचं छप्पर बदलतोय की पोप निवडतोय?

सेवेरो : मनांग, तू थोरली बहीण असलीस तरी ऐक, सव्वीस वर्षं मी जहाज कंपनीची खरेदी बघितली. दोरखंडापासून बटाट्यापर्यंत. तीन बंद पाकिटं, तिन्ही एकदम उघडायची, सगळ्यात कमी दर ज्याचा, त्याचं काम. यात कुणाच्या मनाला लागायचा प्रश्नच येत नाही. नकार माणूस देत नाही, आकडा देतो.

पास्तोरा : तुझ्या बटाट्याने कधी तुझ्या पोराला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं होतं का?

सेवेरो : आलीस पुन्हा तिथेच. मनोंग दोरो मला थोरल्या भावासारखे, मान्य. तुझ्या एल्मरचे धर्मपिता आहेत, मान्य. त्या नात्याने ते तुझे कुम्पारे, तू त्यांची कुमारे, मान्य.

पास्तोरा : नुसते कुम्पारे? माझा नवरा अमादो गेला त्या वर्षीच्या वादळात या घराचं छप्पर उडून उसात जाऊन पडलं. तेव्हा तू कुठे होतास?

सेवेरो : रॉटरडॅमला.

पास्तोरा : तू रॉटरडॅमहून फुलं पाठवलीस. दोरोंनी नऊ दिवस पत्रे ठोकले. पैसे विचारले तर म्हणाले, कुमारे, आधी भात वाढा.

सेवेरो : आणि मागच्या वर्षी त्यांनीच स्वयंपाकघरावर चार पत्रे ठोकले. मी वर चढून बघितलं. एकेचाळीस खिळे. वाशात एकही नाही. सगळे हवेत मारलेत, मनांग. पत्रे जागेवर आहेत ते तुझ्या प्रार्थनेमुळे.

पास्तोरा : हळू बोल.

सेवेरो : कोण ऐकतंय?

पास्तोरा : इथे कढई घासली तरी पलीकडच्या गल्लीला कळतं, आज तळण होतं.

सेवेरो : मग मला सांग, तुला नक्की काय हवंय? जुलैत वादळं सुरू होतील. जूनच्या आत चार खांब, वासे, पत्रे सगळं नवं व्हायला पाहिजे, हे तूच फोनवर सांगितलंस.

पास्तोरा : मला न गळणारं छप्पर हवंय. आणि कुम्पारे दोरो रोज सकाळी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन माझ्या कॉफीला नावं ठेवतात, ते चालू राहायला हवंय. दोन्ही. एकाच्या बदल्यात दुसरं नको.

सेवेरो : म्हणून मला बोलावलंस.

पास्तोरा : म्हणून तुला बोलावलं. तू बाहेरचा. सप्टेंबरात परत मनिलाला जाशील. शिव्या बरोबर घेऊन जा.

सेवेरो : बरं झालं, स्पष्ट सांगितलंस. म्हणजे माझी सव्वीस वर्षं तुला फक्त ढाल म्हणून पाहिजे होती.

पास्तोरा : ढाल गप्प उभी राहते. तू दारावर सूचना लावलीस. नऊ नियम! ‘नियम पाच, सर्वांत कमी दरास काम मिळेल, चर्चा होणार नाही.’ ‘नियम सात, सर्व मजकूर निळ्या शाईत.’ काळी का नको रे? काळ्या शाईने छप्पर गळतं?

सेवेरो : ती पद्धत आहे.

पास्तोरा : भात खायला आलेले लोक उभ्याने वाचत बसतात. शिक्षिकाबाईंनी तर दोन चुका दुरुस्त करून दिल्या. आता या गावात छप्पर घालणारे तिघेच. दोरो, रुफिनो आणि क्रिसान्तो. तुझ्या नियमांनी तिघांना सारखंच बावळट ठरवलं, एवढंच चांगलं झालं.

सेवेरो : तिघे पुरेसे आहेत. तिघांत स्पर्धा होते.

पास्तोरा : त्यातल्या दोघांना तिसऱ्याने हातात हातोडा धरायला शिकवलंय, हे तुला माहीत आहे ना?

सेवेरो : शिष्य गुरूच्या पुढे जातात. जगाची रीत आहे.

पास्तोरा : उघड पाकिटं. कुम्पारे चार वाजता यायचे आहेत, त्याच्या आत काय ते कळू दे. त्यांचं आधी उघड.

सेवेरो : हे बघ. पेन्सिलीने लिहिलंय. आणि अक्षर केवढं! आकडे आहेत की दुकानाच्या पाट्या? एका ओळीचा मजकूर, त्याने तीन ओळी खाल्ल्यात.

पास्तोरा : चष्मा लागलाय त्यांना. लावत नाहीत.

सेवेरो : पत्रे... वासे... खांब... मजुरी... ‘इतर’ या रकान्यात काय लिहिलंय बघ. ‘कोंबडी एक, पांढरी.’

पास्तोरा : मग? खांब उभे करायचे तर खड्ड्यात रक्त नको शिंपडायला? तुझ्या जहाजावर शॅम्पेनची बाटली फोडतात ती चालते.

सेवेरो : बाटली कोटेशनमध्ये लिहीत नाहीत. बरं, एकूण... थांब. एकूण तीन लाख दहा हजार पेसो.

पास्तोरा : किती?

सेवेरो : तीन लाख दहा हजार. मनांग, मागच्या वर्षी गावातल्या डेल्फिनाने एवढंच छप्पर क्रिसान्तोकडून एक लाख सत्तरमध्ये घातलं! म्हातारा काय चर्चचा मनोरा बांधतोय? नऊ दिवस फुकट काम केलं, त्याचं व्याज लावलंय वाटतं. बघ, हे तुझे कुम्पारे!

पास्तोरा : देवा, तुझे उपकार.

सेवेरो : काय?

पास्तोरा : अरे, एवढा दर लावलाय म्हणजे सुटलो आपण! नाही म्हणायची वेळच येणार नाही. बाकीचे दोघे आपसूक खाली असणार. मी कॉफी देईन, म्हणेन, कुम्पारे, काय करणार, हा माझा भाऊ, असाच आहे. ते तुला दोन शिव्या घालतील, कॉफीला दोन. झालं. उघड पुढचं.

सेवेरो : रुफिनो. टाईप करून आणलंय, तेही निळ्या शाईत, शाबास. सहीही निळी. सोबत पत्र आहे. ‘आदरणीय महोदय, आपण आमची आठवण काढलीत यातच आम्हाला सर्व मिळालं. आमचा दर जास्त वाटल्यास कृपया दुसऱ्या कुणाचा तरी विचार करावा.’

पास्तोरा : हे असं लिहितात का जहाजावर?

सेवेरो : कुणीच लिहीत नाही. एकूण... तीन लाख पंधरा.

पास्तोरा : नीट बघ. एक असेल.

सेवेरो : तीन. अक्षरातही लिहिलंय. इतर, कोंबडी एक, पांढरी.

पास्तोरा : क्रिसान्तोचं उघड. लवकर.

सेवेरो : यातून रिबीन निघाली.

पास्तोरा : रिबीन?

सेवेरो : कार्ड आहे. बाप्तिस्म्याचं आमंत्रण. त्याच्या धाकट्या मुलीचा. धर्मपित्यांच्या नावांत... माझं नाव छापलंय.

पास्तोरा : छापलंय? तुला न विचारता?

सेवेरो : विचारलं होतं. परवा त्याची बायको तुपिग घेऊन आली होती, तांदळाचे, केळीच्या पानात भाजलेले, गरमगरम. तोंडात घास होता. मी मान हलवली.

पास्तोरा : वा! कोटेशन मागवलेल्या माणसाचा तू कुम्पारे होऊन बसलास. आता घासाघीस कशी करशील? स्वतःच्या धर्मकन्येच्या दुधातून पैसे कापणार?

सेवेरो : बाप्तिस्मा रविवारी आहे. आज गुरुवार. कायद्याने आज मी त्रयस्थ आहे.

पास्तोरा : आकडा वाच, त्रयस्था.

सेवेरो : तीन लाख वीस हजार. कोंबडी एक, पांढरी.

पास्तोरा : म्हणजे सगळ्यात कमी...

सेवेरो : मनोंग दोरो.

पास्तोरा : सेवेरो.

सेवेरो : थांब, मला विचार करू दे. तिघांच्या दरात पाच-पाच हजारांचं अंतर. पायऱ्या बांधल्यासारखं. कोंबडी तिघांची सारखी. हे ठरवून केलंय! जहाजावर याला संगनमत म्हणतात. कंपनी तिघांचीही नावं काळ्या यादीत टाकते.

पास्तोरा : इथे याला आदर म्हणतात. पैसे भरायचे दोन्हीकडे मालकानेच. अरे, गाढवा, त्या पोरांना उस्तादाचा आकडा कळला असणार. आता उस्तादाच्या खाली कोण जाईल? उद्या गाव म्हणेल, रुफिनोने म्हाताऱ्याच्या हातातला हातोडा हिसकावला. त्याच्या बायकोला नदीवर कुणी जागा देणार नाही.

सेवेरो : मग म्हणायचं, कुणालाच काम नाही. सगळं रद्द.

पास्तोरा : तुझा नियम पाच दारावर आहे. खाली बरांगायच्या कप्तानाची, म्हणजे गावप्रमुखाचीच, सही घेतलीयस, साक्षीदार म्हणून. सगळ्या गावाने वाचलंय. सर्वांत कमी दरास काम मिळेल. चर्चा होणार नाही! दुप्पट पैसे मोजून मला खिळे हवेत मारलेलं छप्पर मिळणार, आणि तेही नियमाने. मी नुसती भित्री राहिले असते ना, तर स्वस्तात गळलं असतं.

(बाहेर चपला काढल्याचा आवाज. मनोंग दोरो येतात, हाताने खुर्चीची पाठ चाचपून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात.)

दोरो : कुमारे, कॉफी. कालच्यासारखी नको. काल गटारातून उपसली होती.

पास्तोरा : या, कुम्पारे. आज वरच्या थरातली देते.

दोरो : उघडली पाकिटं?

सेवेरो : उघडली, मनोंग.

दोरो : चेहरे कशाला पाडलेत? मी घरून तयारी करून आलोय. नकार मिळाल्यावर काय म्हणायचं ते पाठ केलंय. ऐका. ‘ठीक आहे. धंदा आहे. चालायचंच.’ कसं वाटलं?

पास्तोरा : छान आहे.

दोरो : बायको म्हणाली, शेवटी उसासा टाकू नका. आता द्या नकार. कॉफी गार व्हायच्या आत.

सेवेरो : मनोंग दोरो, सर्वांत कमी दर तुमचा आहे.

दोरो : कुणाचा?

सेवेरो : तुमचा. काम तुम्हाला मिळालंय.

दोरो : बाकीच्यांनी काय छपराला चांदी लावलीय? तीन लाख दहाला एखादा माणूस दोन छपरं घालून वर म्हैस घेईल!

सेवेरो : म्हणजे तुम्हाला माहीत होतं, दर जास्त आहे?

दोरो : पोरा, मी पंचेचाळीस वर्षं छपरं घालतोय. पत्र्याचा भाव मला पाळण्यात माहीत होता. काम एक लाख पंच्याहत्तरचं. मी तीन दहा लिहिलं.

पास्तोरा : का, कुम्पारे?

दोरो : धंदा आहे. चालायचंच.

पास्तोरा : ते नकाराचं उत्तर आहे. हा नकार नाही.

दोरो : रुफिनोने किती लिहिलं?

सेवेरो : पाच हजार जास्त. क्रिसान्तोने दहा.

दोरो : गाढवं! दोघांना घरी बोलावून माझा आकडा दाखवला होता मी. मुद्दाम! म्हटलं, बघा, म्हातारा एवढा वर बसलाय, तुम्ही खालून निघून जा. माना डोलावल्या. मला वाटलं, समजलं.

पास्तोरा : त्यांनाही वाटलं, समजलं.

दोरो : यात समजण्यासारखं काय होतं?

पास्तोरा : तुम्हीच सांगा. ते शिकत होते तेव्हा शिडीचा काय नियम होता तुमचा?

दोरो : ते वेगळं. उस्ताद शिडीवर असला की कुणी त्याच्या वरच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. क्रिसान्तोने एकदा ठेवला, तर आठवडाभर त्याला खिळे सरळ करायला बसवला होता.

पास्तोरा : मग? तो अजून खिळेच सरळ करतोय.

दोरो : हूं.

सेवेरो : मनोंग, पण तुम्हाला काम नको होतं तर कोटेशन भरलंच कशाला? आमंत्रण नाकारायचं. पद्धत आहे तशी.

दोरो : नाकारू? कुमारेच्या घराचं काम? गाव काय म्हणेल? भांडण झालं म्हणेल. एल्मरच्या आईशी दोरोने भांडण केलं म्हणेल. आणि न नाकारता घेतलं तर... कॉफीत साखर घातलीयत, कुमारे?

पास्तोरा : घेतलं तर काय, कुम्पारे?

दोरो : तुमच्या स्वयंपाकघरात बादल्या असतात.

पास्तोरा : असतात. तांदूळ भिजवायच्या.

दोरो : तसं सांगितलं होतंत. मागच्या पावसाळ्यात मी आत आलो तर चार बादल्या, चार ठिकाणी, चारही बरोबर माझ्या पत्र्यांखाली. तुम्ही म्हणालात, तांदूळ भिजवलाय. चार बादल्या तांदूळ, कुमारे? पूर्ण विगान शहराला जेवायला बोलावलं होतं काय?

पास्तोरा : मला दुसरं काही सुचलं नाही.

दोरो : मी पण मान डोलावून निघून आलो. काय बोलणार? एकात तर हात घालून बघितलं. तांदूळ नव्हता.

सेवेरो : एकेचाळीस खिळे, मनोंग. मी...

पास्तोरा : सेवेरो, गप्प बस.

दोरो : बोलू दे त्याला. किती म्हणालास?

सेवेरो : एकेचाळीस.

दोरो : वाशात किती?

सेवेरो : मोजले नाहीत नीट.

दोरो : खोटं बोलायची सवय नाही रे तुला. बहिणीकडून शीक. खालून मला वासा एक दिसतो, वर गेलं की दोन. मी मधोमध मारतो. आणि चौथ्या पायरीवर शिडी फिरायला लागते. माझी नाही, तिची चूक असणार, असं बायकोला सांगितलंय. तुझ्या त्या कागदावर ‘इतर’ म्हणून रकाना होता. मी बराच वेळ बघत बसलो होतो त्याच्याकडे. मग कोंबडी लिहिली.

पास्तोरा : कुम्पारे, वर्षभर रोज इथे बसत होतात. एकदा म्हणायचं ना.

दोरो : तुम्ही म्हणायचं होतंत. घर तुमचं, पाणी तुमच्या डोक्यावर पडत होतं.

पास्तोरा : मी भावाला मनिलाहून बोलावलं.

दोरो : हो. दारावरची नोटीस वाचली तेव्हाच ओळखलं. म्हटलं, कुमारेला मला नको म्हणायचंय, आणि त्यासाठी तिने नऊ नियम आणवलेत. मला बरं वाटलं. दोन नियमांतसुद्धा भागलं असतं.

सेवेरो : पण आता नियम पाच आहे. काम तुमच्याकडे आलंय. गावाला काय सांगायचं?

दोरो : सांगा, दोरोला दिसत नाही.

पास्तोरा : ते मी सांगणार नाही. ते या घरातून बाहेर जाणार नाही.

दोरो : मग मी वर चढतो आणि पडतो. ते तरी सगळ्यांना दिसेल.

सेवेरो : थांबा. मनोंग, हे कोटेशन तुम्ही कशाने लिहिलंय?

दोरो : पेन्सिलीने. माझ्या कानावर दुसरं कधी काय असतं?

सेवेरो : नियम सात. सर्व मजकूर निळ्या शाईत. पेन्सिल बाद. मनोंग दोरो, तुमचं कोटेशन मी अवैध ठरवतो.

पास्तोरा : सेवेरो!

सेवेरो : अवैध म्हणजे अवैध. चर्चा होणार नाही. बाकीच्या दोघांचं पण रद्द, दर ठरवून लावलेत. सोमवारी नव्याने मागवतो, दोघांकडून.

दोरो : पेन्सिलीसाठी? सुताराला पेन्सिलीसाठी बाद केलं? पोरा, अख्खं गाव तुझ्या नावाने थुंकेल.

सेवेरो : मी सव्वीस वर्षं शिव्या खाऊनच बटाटे घेतले, मनोंग. मोठी बोट होती, शिव्याही मोठ्या होत्या.

दोरो : चर्चच्या पायरीवर मी स्वतः दोन घालीन तुला. रविवारी. सगळ्यांसमोर.

सेवेरो : बाप्तिस्म्यानंतर घाला. आधी पोरगी रडेल.

पास्तोरा : पण सोमवारी ती दोघं पुन्हा तेच करतील. तुम्ही कितीवर होतात ते त्यांच्या डोक्यात बसलंय.

दोरो : नाही करणार. आज संध्याकाळी जाऊन सांगतो, शिडी रिकामी आहे.

पास्तोरा : एवढंच?

दोरो : एवढंच. समजेल त्यांना. या वेळी समजेल. काम क्रिसान्तोला द्या. रुफिनो टाईप चांगलं करतो, पत्रे बरे घालतो. क्रिसान्तो पत्रे चांगले घालतो. एक पंच्याहत्तरच्या वर पेसो देऊ नका. सेवेरोला घासाघीस करायला लावू नका, तो आता पोरीचा बाप आहे.

सेवेरो : धर्मबाप.

दोरो : ते जास्त महाग पडतं. मला विचार.

पास्तोरा : कॉफी आणखी देऊ?

दोरो : नको. ही पण गटारातलीच होती. निघतो मी. उजेड आहे तोवर घरी पोचलेलं बरं. छपराचं काम सुरू होईल तेव्हा मी काही दिवस येणार नाही, कुमारे. खाली बसून बघत राहिलो तर पोरांचे खिळे वाकडे जातील. खांब उभे करायच्या दिवशीसुद्धा... मी येऊन करणार काय?

पास्तोरा : त्या दिवशी सकाळी सहाला या. पांढरी कोंबडी मी आणून ठेवते, तुम्हीच धरायची.

दोरो : क्रिसान्तो धरेल. आता उस्ताद तो.

पास्तोरा : तो वर असेल. कोंबडी धरायला शिडी लागत नाही, कुम्पारे.